ओठ मिटून महाबळेश्वर

पसरणीचा घाट सुरू झाला आणि त्याने गाडीच्या काचा खाली केल्या. 'एसी बंद! ही हवा घे जरा.' मी हसले. एवढीच चूक झाली. जानेवारीतली सकाळची गार हवा पुढच्या दातांवर आदळली आणि कुणीतरी दातात सुई खुपसून ती थेट नाकापर्यंत नेल्यासारखी कळ गेली. मी ओठ घट्ट मिटले. ते दुपारपर्यंत मिटलेलेच होते.

आता थोडा फ्लॅशबॅक. पुढच्या रविवारी आमचा साखरपुडा. कांदेपोहे, मग दोन-तीन कॉफ्या, मग दोन्हीकडून होकार, असं सगळं रीतसर. आणि मी म्हणजे ऑफिसात दिवसाला चार चहा अधिक एक कॉफी, त्यामुळे दातांचा रंग कसा असेल ते तुम्हीच ओळखा. शाळेपासूनच्या प्रत्येक फोटोत माझं तोंड बंद आहे. साखरपुड्याच्या फोटोत तरी मोकळं हसायचं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट डेंटिस्ट गाठला. व्हाइटनिंग!

हिरड्यांवर संरक्षक थर, दातांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल, वर निळा दिवा. (त्या दिव्याने फारसा फरक पडत नाही, हे मी नंतर वाचलं. दिसतो मात्र एकदम हायफाय.) पंधरा-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या. आरशात पाहिलं तर सॉलिड पांढरे! फक्त पुढच्या दातातलं जुनं फिलिंग होतं तसंच पिवळट राहिलं, कारण फिलिंगवर आणि कॅपवर या जेलची मात्रा चालत नाही. हे सगळं मला दिलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तो न वाचता सही केली होती. तुम्ही तरी अ‍ॅप्सच्या अटी कुठे वाचता?

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी होत्या. एक, दोन दिवस दात शिवशिवतील. दोन, अठ्ठेचाळीस तास चहा, कॉफी, हळद, बीट, रंगीत फळं, सगळं बंद. आणि शनिवारी सकाळी मी, तो आणि त्याची मोठी बहीण निघालो होतो कुठे? स्ट्रॉबेरीच्या गावाला.

वाईत मिसळ. मी इडली घेतली, चटणी-सांबाराशिवाय. पाचगणीच्या पुढे गुरेघरला मॅप्रो गार्डन. सीझन ऐन भरात, लाल रंगाचा नुसता पूर आलेला. ताईंनी उत्साहाने तीन स्ट्रॉबेरी क्रीम मागवली. थंडगार, आंबट आणि लालभडक... माझ्या बंदीच्या यादीतलं सगळं एकाच ग्लासात! मी चमच्याने ग्लासातलं वरखाली करत बसले. 'नको?' त्याने विचारलं. मी मान हलवली. वेण्णा लेकवर तो बोटीसाठी रांगेत उभा राहिला. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या विचारानेच मला कापरं भरलं. 'मी इथेच थांबते.' बाजारात गरम चणे खातानाही मी गप्प.

गंमत म्हणजे, काही न खातापिता, वारा नसतानाही मध्येच एखादी सणक येतेच. पेरॉक्साइडचे कण इतके बारीक की ते वरच्या इनॅमलमधून आत डेंटिनमध्ये आणि पुढे नसेपर्यंत पोहोचतात. नस हुळहुळी होते. शिवाय डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात. गार काही लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि नस ओरडते. बहुतेकांचं हे काही दिवसांत आपोआप थांबतं. पण शनिवारी दुपारी 'काही दिवस' हे शब्द फार लांबचे वाटत होते.

त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार? 'तुझ्याबरोबरच्या फोटोसाठी दात रंगवून आले' असं? लाज वाटत होती.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पार्किंगमध्ये ताई पुढे गेल्या आणि तो थांबला. 'एक विचारू? सकाळपासून तू हसली नाहीस, धड बोलली नाहीस. तुला हे नको असेल तर आत्ता सांग. घरच्यांना मी सांगेन, तुझ्यावर काही येऊ देणार नाही.'

मी काही बोलायच्या आत ताईंनी आतून हाक मारली.

पंचगंगेचं ते जुनं दगडी देऊळ मला आवडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाच नद्या इथे उगम पावतात असं मानतात. पाणी एका दगडी गोमुखातून पडत राहतं. आत अंधार, ओलावा, पायाखाली गारठलेली फरशी. ताईंनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं. तीर्थाला नाही कसं म्हणायचं? मी ते एका घोटात प्यायले.

'आई गं!'

आख्खं देऊळ वळून बघायला लागलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग तिथेच, खांबाला टेकून, सगळं सांगितलं. जेल, दिवा, पिवळं फिलिंग, शाळेचे फोटो. तो आधी बघतच राहिला. मग इतका हसला की ताईंनी त्याला बाहेर काढलं. 'अगं, मी कालपासून आईला काय सांगायचं त्याची प्रॅक्टिस... म्हणजे सकाळपासून!' बिचाऱ्याची वाक्यंसुद्धा नीट जुळत नव्हती.

बाजारातल्या मेडिकलमधून त्याने पोटॅशियम नायट्रेटवाली टूथपेस्ट आणली. ती नस शांत करते. ब्रश करायची आणि थोडी बोटाने दातांवर लावून ठेवायची. ट्रीटमेंटच्या आधीपासूनच ती वापरायला लागलं की त्रास कमी होतो, हेही त्या कागदावर होतंच. करायचंच असेल तर आधी कीड, चीर तपासून घ्या आणि महत्त्वाच्या दिवसाच्या आठवडा-दोन आठवडे आधी उरका. आणि प्लीज, लिंबू-मिठाचे घरगुती प्रयोग करू नका. इनॅमल झिजलं की परत येत नाही. कळ दोन आठवड्यांनीही गेली नाही, किंवा एकाच दातात ठणका राहिला, तर पेस्टवर न थांबता डॉक्टरकडे जा.

जेवायला मला कोमट मऊ भात-तूप मिळालं. ताईंनी हॉटेलच्या किचनमध्ये जाऊन करवून घेतलं. परतीच्या वाटेवर काचा बंद होत्या आणि स्ट्रॉबेरीचा बॉक्स माझ्या मांडीवर.

सोमवारी सणका थांबल्या. मंगळवारी रात्री मी फ्रिज उघडून एक स्ट्रॉबेरी तशीच गार चावली, आणि तोंडात ती असतानाच त्याला फोन लावला.