चारशें बारा पानें

आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत जुन्या वार्षिक अंकांचें एक कपाट आहे. त्यांतील कागद इतका जीर्ण आहे कीं, पान उलटतांना कोपरा बोटांतच राहतो. गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत वर्गशिक्षकांनीं आम्हां तिघांस तीं पानें स्कॅन करावयास सांगितलें, व प्रत्येक पान एकदांच हाताळण्याची ताकीद दिली. ४१२ पानें झालीं. माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनासाठीं त्या टिफ् फायलींचें जेपेगमध्यें रूपांतर करणें तेवढें उरलें होतें.

संमेलनाच्या आदल्या सायंकाळीं आम्हीं पायथन भाषेंत प्रोग्रॅम लिहिला. सर्व पानें उघडून व बदलून एका यादींत ठेवावयाचीं आणि शेवटीं एकदम साठवावयाचीं, ही योजना आम्हांस फार नेटकी वाटली. संगणक मंद होत गेला, माऊसचा बाण जागींच थिजला, आणि प्रोग्रॅम आपोआप बंद पडला. साठवणें शेवटीं ठेवल्यामुळें हातीं एकही पान लागलें नाहीं.

संगणकाची मेमरी अवघी ४ जीबी. तेव्हां दोष त्याचाच, असें आम्हीं ठरविलें. फळ्यावर हिशेब मांडला तेव्हां मात्र आमचींच तोंडें उतरलीं. ए-फोर पान दर इंचास ६०० ठिपके या मानानें घेतलें, तर तें ४९६० ठिपके रुंद व ७०१६ ठिपके उंच होतें. आणि प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा यांसाठीं एकेक बाइट. म्हणजे एक पान सुमारें १०४ एमबी, व ४१२ पानांस जवळजवळ ४३ जीबी!

डिस्कवरील फाईल याहून लहान दिसते; तेथेंच आम्ही फसलों. येवल्याच्या पैठण्या घडी करून ठेवल्या तर एका पेटींत दहा मावतात, पण उलगडलेली एकच माजघर अडविते. चित्र बदलावयाचें तर तें मेमरींत असें उलगडावें लागतें.

मग आम्हीं क्रम फिरविला. एक पान उघडावें, बदलावें, लगेच साठवून मिटावें, मगच दुसऱ्यास हात लावावा. दादासाहेब फाळके १९४४ सालीं ज्या नाशकांत निवर्तले, तेथल्या मुलांस हें आधींच सुचावयास हवें होतें. चित्रपटाची फीत कितीही लांब असो, दिव्यापुढें एका क्षणीं एकच चौकट असते.

तरीही तिसाव्या पानाच्या सुमारास गाडी पुन्हां अडली. अनुक्रमणिकेसाठीं बदललेल्या प्रत्येक पानाची पूर्ण प्रत आम्ही एका यादींत जमवीत होतों! चित्रास धरून ठेवणारें एखादें नांव प्रोग्रॅमांत शिल्लक आहे, तोंवर पायथन त्याची जागा मोकळी करीत नाहीं. म्हणून यादींत २०० ठिपके रुंदीची छोटी प्रतिकृतिच ठेवली. अशा ४१२ प्रतिकृति मिळून सुमारें ७० एमबी, म्हणजे एका मोठ्या पानाहूनही कमी. शिवाय साठविलेलें पान वगळण्याची एक ओळ घातली, त्यामुळें पहिलीं पानें पुन्हां करावीं लागलीं नाहींत. रात्रीं साडेदहास काम संपलें.

दुसऱ्या दिवशीं एक आजोबा १९५८ च्या अंकांतील हॉकी संघाच्या छायाचित्रापाशीं थांबले. दुसऱ्या रांगेंत त्यांचे थोरले बंधु उभे होते. घरीं त्यांचें एकही छायाचित्र नव्हतें. जेपेगमध्यें बारीक छटा गळतात, म्हणून चेहरा मोठा करतांना पुसट होऊं लागला. मूळ टिफ् फायली आम्हीं जपून ठेवल्या होत्या. त्यांतील ती एकच उघडली. चष्मा पुसून आजोबा बराच वेळ पडद्याकडे पाहत उभे राहिले.