आधी कात्री खाली ठेव

चि. सोनूस,


भिंतीवरच्या चौकटीत काठ चिकटवायला गोंद कुठला घ्यावा, एवढंच तू विचारलंस. पण सोबतच्या फोटोत आजीचं इरकल लुगडं प्लायवूडवर पसरलेलं, शेजारी कात्री उघडी, आणि मावशीचा चहा तिथंच गार झाला! गोंद कुठलाच नको. पांढरा गोंद कापडात मुरतो, वाळला की काठ पापडासारखा कडक होतो आणि मग काही केल्या सुटत नाही. काठ मांजरपाटावर धावदोऱ्याने शिवायचा, मांजरपाट जाड पुठ्ठ्यावर ताणायचा आणि मागच्या बाजूने दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी ओढून घ्यायचा. झालं. सुई-दोरा घरात आहे ना, की तोही मागवणार?

पदराच्या जोडाला तर हातच लावू नकोस. इलकलचे विणकर अंगाचे उभे धागे वेगळे लावतात, पदराचे वेगळे, आणि दोन्ही एकमेकांत फास अडकवून जोडतात. त्या लाल-पांढऱ्या पदराची सगळी करामत त्या जोडात आहे. नेसून विरलेलं अंग हवं तर काप, तो जोड राहू दे.

आता मूळ मुद्दा, जो तू विचारलाच नाहीस. तुझ्या पिढीला भिंतीवर लावलेलं सगळं कायमचं हवं असतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकवलं, त्याचा हा परिणाम. आपल्या जुन्या घरातल्या काचेच्या पेटीतला कापसाचा ससा आठवतो? पिवळा पडला, डोळ्याचा मणी गळला, तरी वीस वर्षं कोणी काढला नाही, कारण तो ‘टिकाऊ’ होता.

भिंतीची आपली रीत निराळी होती. श्रावणात जिवतीचा कागद लागतो: नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली बुध-बृहस्पती. महिना सरला की कागद उतरतो, पुढच्या वर्षी नवा. डहाणूकडे वारली घरांत लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नासाठी लिहिलेला चौक पुढे सारवणाखाली जातो, आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी तिथे कागद नेले, गंजाडचे जिव्या सोमा म्हशे कागदावर काढू लागले आणि 2011 मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचले. हे सगळं मोठंच, पण त्याच्या मुळाशी पुसली जाणारी भिंत होती. गेरू आणि पीठ तुझ्याकडेही आहे. खाकी कागदावर काढ, पिठाच्या पाण्यात थोडा डिंक घाल, नाहीतर रंग झडतो. फक्त तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा वारल्यांचा नाच काढू नकोस, तो त्यांचा. तुझ्या घरातलं काढ: कुकर, वाळत घातलेली झबली, पाण्याची वाट बघणाऱ्या बादल्या.

परदेशातलाच दाखला हवा असेल तर फ्रेंच चित्रकार मातिस घे. 1941 च्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा बराच वेळ पलंगावर आणि चाकाच्या खुर्चीत जायचा. मदतनीस कागद रंगवून द्यायचे, तो कात्रीने आकार कापायचा, आणि ते भिंतीवर टाचण्यांनी टोचले जायचे. टाचणी काढायची, आकार सरकवायचा, पुन्हा टोचायचा. 1952 मध्ये नीसच्या घरी जेवणाच्या खोलीत भिंतींभोवती पांढऱ्या कागदाचा पट्टा लावून त्याने निळे पोहणारे देह असेच लावले. आता तेच ‘जलतरण तलाव’ न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. एवढा मोठा माणूस डिंकाची घाई करत नाही, आणि तू?

टाचण्या मात्र तू वापरू नकोस. छोटा रांगतोय, दिसेल ते तोंडात घालतोय. कटर पण वरच्या फळीवर ठेव. आणि रात्री दीड वाजता स्टुलावर चढून भिंतीची मापं घेणं बंद. धरायला कोण असतं गं तुला?

शिवायचा कंटाळा येतो म्हणू नकोस, लोकांनी छापील चित्रालाही कापड चढवलंय. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या, तेव्हा कित्येक घरांत त्यांच्या साड्यांवर खरं कापड, जर आणि टिकल्या चढल्या. छापलेलं चित्र एकच, पण टिकल्या लागल्या की शेजारणीच्या लक्ष्मीहून आपली वेगळी. तुझ्या पणजीच्या देवघरातल्या सरस्वतीचा पदर कुणाच्या खणाचा होता, ते आईला विचार. कपाटात जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी आणि लग्नपत्रिकांची पिशवी असेलच. पत्रिकेचा जाड कागद चौकटीसाठी उत्तम. आणि ते नव्या सुतळीचे गुंडे, रंगीत काड्यांचा पुडा परत कर. घरातल्या वस्तूंतून करायचं म्हणून बाजारातून सामान आणायचं, याला काय म्हणावं!

घरमालक खिळा ठोकू देत नाही म्हणतेस, तर पडद्याच्या दांड्यालाच दोरीने टांग. समोर ऊन नको, रंग उडेल. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला चौकट चिकटून राहू देऊ नकोस. मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते.

उरलेलं लुगडं मऊ सुती कापडात ठेव आणि अधूनमधून घडी बदल, एकाच घडीवर रेशीम तुटतं. बाकी, सगळं पत्र भिंतीबद्दल आणि ऑफिसबद्दल दोनच ओळी, त्याही ‘बघू’ म्हणून संपवलेल्या. काय झालंय ते नीट लिही. काका विचारत होते, त्यांना काही सांगितलेलं नाही.

तुझी,
मावशी