सफारीच्या मागे

पुणे

चि. मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, गाडी दिसणार सहा सेकंद, आणि त्यासाठी तुम्ही इस्टरची सगळी सुट्टी रस्त्याच्या कडेला काढायचात?" तेव्हा मी कुकरचं निमित्त करून फोन ठेवला. रात्री मात्र झोप येईना, म्हणून हे पत्र. तुझ्यासाठी लिहितेय तेवढंच माझ्यासाठीही.

तू गाड्यांची इंजिनिअर होणार, म्हणून आधी तुझ्या कामाचं सांगते. सफारी रॅली म्हणजे मैदानात गोल गोल फिरायची शर्यत नव्हे. १९५३ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकानिमित्त ती सुरू झाली. तेव्हा केनिया, युगांडा, टांगानिका असे तीन देश पालथे घालायची. आमच्या वेळी केनियापुरती उरली होती, तरी अंतर पाच हजार किलोमीटरच्या आसपास. नैरोबीहून निघायचं, मोंबासाच्या दिशेला उतरायचं, टाइटाच्या डोंगरांत रात्र काढायची, माउंट केनियाला वळसा, मग रिफ्ट व्हॅली ओलांडून पश्चिमेला. रस्ते बंद नसायचे बरं का! समोरून बस येणार, तिकडची वडाप, म्हणजे मटाटू, येणार, मसाईंची गुरं येणार. ठरलेल्या ठाण्यावर जितकी मिनिटं उशीर, तितका दंड, आणि ज्याचा दंड कमी तो जिंकला. त्यात इस्टर म्हणजे तिकडच्या मोठ्या पावसाची सुरुवात. १९६८ साली नव्वदहून जास्त गाड्या सुटल्या आणि शेवटपर्यंत पोचल्या सात.

नैरोबीत आमच्याकडे जुनी प्यूजो ४०४ होती. याच मॉडेलने साठच्या दशकात चारदा सफारी जिंकली, हे तुझे आजोबा आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगायचे. गुरुवारी रात्री मी दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. आजोबा डिकीत दोर, फावडं, ताडपत्री आणि वर्तमानपत्रातून कापलेला नकाशा ठेवायचे. शेजारची गुजराती मंडळी ठेपले घेऊन मागच्या गाडीत. वाटेत रेडिओवर कोण पुढे, कोण उलटला, ते ऐकायचं, आडवाटेने पुढचा टापू गाठायचा आणि थांबायचं. तासन् तास. आधी हेलिकॉप्टर ऐकू यायचं, मग टेकडीमागे धुळीचा लोट दिसायचा, मग पोरं ओरडायची. गाडी आली आली म्हणेस्तोवर गेलेली. तोंडात माती.

आता तो फोटो. माझ्या साडीला एवढा चिखल का, असं तू मागे विचारलं होतंस. ते १९७९ असेल किंवा १९८०. दोन्ही वर्षी शेखर मेहताच जिंकला, त्यामुळे माझ्या डोक्यात ती एकच झालीत. अथी नदीपलीकडच्या माळावर आम्ही उभे होतो. तिथली माती आपल्या सोलापूरकडच्यासारखी, काळी, भेगाळणारी, आणि पाऊस पडला की सोडत नाही अशी. एका स्थानिक माणसाची गाडी तिथे रुतली. कारखान्यांच्या संघांमागे मेकॅनिकांची फौज असते, हा बिचारा पदरच्या पैशांनी उतरलेला. त्याचा नॅव्हिगेटर दार ढकलून बाहेर आला. तोंडात अर्धं केळं. नकाशाची वही काखेत. केळं काढायलाही त्याला सवड नव्हती. तसाच गाडीला खांदा लावून ढकलत राहिला. मनू, मला त्या गाडीचा रंग आठवत नाही, नंबर आठवत नाही, पण ते केळं आठवतं. साल हनुवटीवर लोंबत होती.

आजोबांनी काळ्या मातीत बैलगाड्या काढलेल्या. त्यांनी फावड्याला हातच लावला नाही. "झुडपं तोडा, चाकाखाली घाला, आणि ड्रायव्हरला सांगा, इंजिन पिळू नकोस!" हे सगळं मराठीत, आणि समोरच्यांनी ते बरोबर केलंही. मसाई पोरं, बसमधून उतरलेल्या बायका, एक सरदारजी, आमचे गुजराती शेजारी, सगळे मागून ढकलायला लागलो. "हारंबे! हारंबे!" म्हणजे सगळे मिळून जोर लावा. गाडी सुटली तसा चाकांनी उडवलेला चिखल सरळ माझ्या अंगावर. नॅव्हिगेटर पळत जाऊन आत शिरला, केळ्यासकट.

शेखर मेहता तुला माहीत असायला हवा. कंपालात जन्मलेला. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा तो केनियात आला, आणि १९७३ च्या इस्टरला डॅटसन २४० झेड घेऊन सफारी जिंकला. तीही दंडाचे गुण दुसऱ्याशी अगदी बरोबरीत असताना, बरोबरी सोडवायच्या नियमावर. नंतर १९७९ ते १९८२ लागोपाठ चार वेळा. त्याआधी केरिचोत जन्मलेला जोगिंदर सिंग तीनदा जिंकला होता. तुझ्या वर्गातल्या मुलांना युरोपातल्या ड्रायव्हरांची नावं पाठ असतील, त्यांना ही दोन सांग.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर गाड्यांत नाही. वर्षभर आम्ही आमच्यातच असायचो. मंडळाचा गणपती, हळदीकुंकू, आपली शाळा, आपले दुकानदार. आफ्रिकन माणसाशी बोलणं व्हायचं ते बहुधा काहीतरी सांगण्यापुरतं, हे आण, ते ने. इस्टरला माळावर कोणी साहेब नसायचा. दशमी समोरच्याला द्यायची, त्याने भाजलेलं कणीस द्यायचं आणि सगळ्यांनी एकाच धुळीकडे डोळे लावायचे. मला ते हवं असायचं. सहा सेकंदांची गाडी हे निमित्त होतं.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये तिथे बंडाचा प्रयत्न झाला, आशियाई लोकांची दुकानं लुटली गेली. त्याच वर्षी इस्टरला नैरोबी मेहतासाठी टाळ्या पिटत होती. आम्ही पुढे भारतात आलो. तुझी आई तेव्हा शाळेत होती आणि स्वाहिली मराठीपेक्षा बरी बोलायची. म्हणून तू मित्रांना "आम्ही मूळचे पुण्याचे" एवढंच सांगतेस ते मला टोचतं. पुण्याला आम्ही निवृत्तीनंतर आलो. मूळ सोलापूरचे, आणि मध्ये बरीच वर्षं नैरोबी आहे. ती गाळू नकोस.

तिथे जर्मनीतही नुसत्या भारतीय मुलांच्या घोळक्यात राहू नकोस. आणि जर्मन मुलांत मिसळताना मराठी सोडू नकोस. दोन्ही एकदम कसं जमवायचं हे मला विचारू नकोस, आम्हाला ते इस्टरपुरतंच जमायचं. रात्रीचं जेवण वेळेवर घे. तो बर्फातला सायकलचा उद्योग पुरे.

सफारी २००२ नंतर जागतिक मालिकेतून गेली होती, ती २०२१ पासून परत आलीय. आता नैवाशाकडे, बंद रस्त्यांवर, मटाटू नाही की गुरं नाहीत. माझ्या मते ती सफारी नव्हे. तरी पैसे साठव आणि एकदा जाऊन ये. मात्र तिकिटाच्या जागेवर बसू नकोस, गावच्या लोकांत उभी राहा.

या पत्राला उत्तर लिही, आणि देवनागरीत लिही. रोमन अक्षरांतलं तुझं मराठी वाचताना माझे डोळेही दुखतात आणि डोकंही.

तुझी,
आजी