खाऱ्या पाण्याचा टँक: मोकळा ठेवायचा की भरायचा?

माझ्या दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला चार फुटांचा फिश टँक दिसतो. नंबर येईपर्यंत पेशंट त्याच्याकडे बघत बसतात. आत आल्यावर काहीजण दुखणं सांगायच्या आधीच विचारतात, “मॅडम, पाणी खरंच खारं आहे का हो?”

गेल्या वर्षभरात आणखी एक प्रश्न येतो. “पूर्वी केवढा भरलेला होता, आता इतका मोकळा का?” पंचवटीहून येणाऱ्या एका आजींनी तर सरळच विचारलं, “डॉक्टरीणबाई, दगड विकले काय?”

विकले नाहीत आजी, काढून टाकले. का काढले त्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात माझं स्वतःचं एक दुखणंही आहे. ज्यांच्या घरी मासे आहेत, मग ते खाऱ्या पाण्यातले असोत की गोड्या, त्यांच्या ते उपयोगी पडेल म्हणून आज सविस्तर लिहिते.

मुलाचा टँक, आईची सजावट

हा टँक मुळात माझ्या मुलाचा. बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत त्याने तो हौसेने उभा केला आणि जूनमध्ये तो पुण्याला इंजिनिअरिंगला निघून गेला. टँक माझ्याकडे राहिला.

नाशिकला समुद्र नाही, म्हणजे समुद्र घरीच कालवावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपण पेशंटला लावतो त्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे समुद्र जवळजवळ चौपट खारट. आमच्या टँकमध्ये सुमारे २५० लिटर पाणी मावतं. त्यासाठी मत्स्यालयाचं खास मीठ पावणेनऊ किलो लागतं, आणि ते आरओच्या पाण्यात विरघळवावं लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण माशांना मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं सगळंच हवं असतं.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची. उन्हात राबून आलेल्या आणि पाणी न प्यायलेल्या माणसाच्या रक्तात सोडियम वाढतं, तसंच हे.

मुलाने टँकमध्ये दगडांचे फक्त दोन ढीग केले होते. मध्ये पांढरी वाळू, बाकी पाणीच पाणी. मला ते बिऱ्हाड हलवल्यासारखं ओकंबोकं वाटायचं. आपल्याकडे शोकेसमध्ये हातभर जागा रिकामी दिसली की तिथे काहीतरी मांडल्याशिवाय चैन पडत नाही, त्यातलीच मी. दोन वर्षांत मी दगड आणत गेले. बारा किलोचे चाळीस किलो झाले. मागच्या काचेला टेकून एक भिंतच उभी राहिली. वर प्लास्टिकची रंगीत प्रवाळं, खाली शिंपले. सुट्टीत आल्यावर मुलगा म्हणाला, “आई, एवढं कशाला भरतेस? साफ कसं करणार?” मी म्हटलं, “बघणाऱ्यांना आवडतं रे.”

ते खोटं नव्हतं. सगळ्यांना आवडायचंच.

एक खरचटलेलं बोट

ऑगस्टमधली गोष्ट. एक निळा डॅमसेल मासा मरून भिंतीच्या मागच्या फटीत अडकला होता. काढला नाही तर पाणी सडणार. मी कोपरापर्यंत हात आत घातला, आणि मासा काढताना डाव्या हाताचं मधलं बोट दगडावर खरचटलं. नळाखाली बोट धुतलं आणि पुढचा पेशंट घेतला.

तीन आठवड्यांनी त्याच जागी लालसर-जांभळी, वाटाण्याएवढी गाठ आली. फार दुखत नव्हती. ताप नव्हता, पू नव्हता. मला वाटलं, दगडाची कपची आत राहिली असेल. पेशंटला मी रागावते तेच मी स्वतः केलं. मनानेच सात दिवस अँटिबायोटिक घेतलं. काही फरक पडला नाही. मग दुसरं घेतलं. तरीही नाही.

छाती तपासताना आम्ही डावं मधलं बोट पेशंटच्या पाठीवर ठेवतो आणि उजव्या बोटाने त्यावर ठोकतो. तीस वर्षांची सवय. आता प्रत्येक ठोक्याला कळ यायची. शिवाय अंगावर गाठ असलेलं बोट लोकांच्या पाठीवर ठेवायचं म्हणजे मनाला टोचायचं. मी ग्लोव्ह घालू लागले. ऑक्टोबरमध्ये हाताच्या पाठीवर दुसरी गाठ दिसली, मग मनगटाजवळ तिसरी, एका ओळीत. तेव्हा मात्र रात्री झोप लागेना. नको नको ते आजार मनात येऊन गेले.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ वर्गमैत्रिणीकडे गेले. तिने हात उजेडात धरला, गाठींची ओळ बघितली आणि एकच प्रश्न विचारला, “तुझ्याकडे मासे आहेत का गं?”

मी रोज पेशंटला विचारते: काम काय करता, घरात जनावर आहे का, कुठे गावाला गेला होतात का. स्वतःला मात्र यातलं काहीच विचारलं नव्हतं. मधले दोन महिने फुकट गेले.

हा आजार काय आहे?

या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. टीबीच्या जंतूच्या कुटुंबातलाच, पण माणसाला सहसा एवढा धोकादायक नसलेला. १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या समुद्री माशांमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. तो खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत राहतो. अखंड कातडीतून तो आत शिरत नाही, त्याला जखम लागते, अगदी खरचटलेलीही पुरते. साधारण दोन ते चार आठवड्यांनी गाठ दिसते.

त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. शरीराच्या आत ३७ अंश असतात, म्हणून तो बहुधा बोटं, हात, कोपर अशा थंड भागांत राहतो. याच कारणाने तपासणीचा तुकडा देताना लॅबला आधी सांगावं लागतं. नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवला तर जंतू वाढतच नाही आणि रिपोर्ट ‘काही नाही’ असा येतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमध्ये, किंवा उपचाराला फार उशीर झाला तर, तो सांध्यांपर्यंत आणि हाडांपर्यंत पोचू शकतो. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही. हे कळल्यावर मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

उपचार लांबलचक असतात. मला दोन औषधं चार महिने घ्यावी लागली. त्यातलं एक डोळ्यांच्या नसेवर परिणाम करू शकतं, म्हणून डोळ्यांची तपासणीही झाली. गाठी गेल्या. बोटावर एक फिकट डाग राहिला आहे, एवढंच.

दगड नक्की काय करतात?

आता मूळ प्रश्न. दगड जास्त असावेत, या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी. आपल्या शरीरात अमोनियाचं युरिया करायचं काम यकृत करतं. यकृत निकामी झालं की अमोनिया वाढतो आणि पेशंट बरळू लागतो. टँकमध्ये हे काम सूक्ष्म जंतू करतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट बनवतात. हे जंतू सच्छिद्र दगडांत आणि वाळूत वस्ती करतात. म्हणजे दगड हे टँकचं यकृत. नव्या टँकमध्ये ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता मासे सोडले की ते मरतात.

मग यकृत जितकं मोठं तितकं चांगलं, असं मलाही वाटायचं. पण दगडाच्या ज्या भागावरून पाणी वाहतं तोच भाग काम करतो. भिंतीच्या मागे पाणी फिरत नाही. तिथे उरलेलं खाणं आणि विष्ठा साचून कुजते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या फुप्फुसात तळाशी कफ साचतो आणि तिथूनच न्यूमोनिया सुरू होतो, तसा हा प्रकार. त्यातून आमचे दगड चाळीस किलो, म्हणजे पंधरा-वीस लिटर पाण्याची जागा त्यांनीच खाल्लेली. वीज गेली आणि पंप थांबला की प्राणवायू लवकर संपणार तो अशाच टँकमध्ये. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू आधीच कमी विरघळतो, उन्हाळ्यात आणखी कमी.

अगदी रिकामा करून पाहिला, तेही चुकलं

दिवाळीत मुलगा आला. मी औषधांवर होते, त्यामुळे हातमोजे घालून त्यानेच टँक उपसला. भिंतीमागून निघालेला काळा गाळ आणि त्याचा वास मी विसरणार नाही. मग आम्ही दुसरं टोक गाठलं. इंटरनेटवर दिसतात तसा मधोमध एकच कमानीचा दगड, बाकी सगळी वाळू. दिसायला फारच सुंदर.

आठवड्यात कळलं की काहीतरी बिनसलंय. उरलेला एक डॅमसेल क्लाउनफिशच्या जोडीला, म्हणजे मुलांच्या भाषेत निमोला, दिवसभर पळवत होता. लपायला जागाच नव्हती. छोटा गोबी हीटरच्या मागे चिकटून बसला, खायलाही बाहेर येईना. मोकळेपणा आमच्या डोळ्यांना हवा होता. माशाला आडोसाही लागतो.

तेव्हा मला मालवण आठवलं. त्याआधीच्या हिवाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी स्नॉर्केलिंग केलं होतं. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्याखाली मी पाहिलं ते असं: एका खडकावर नुसती गर्दी, फटीफटीत मासे; आणि दोन हात पुढे नुसती उघडी वाळू. मग पुन्हा खडक. समुद्राने भरगच्च आणि मोकळं यांतलं एक निवडलेलं नव्हतं. खडकात फटी भरपूर, आणि दोन खडकांमध्ये जागाही भरपूर.

तशीच मांडणी आम्ही केली. दगड एकूण पंधरा किलो. एक ढीग मोठा, एक लहान. ढीग आतून पोकळ, आरपार फटी ठेवलेले. चारही काचांपासून चार बोटं अंतर, म्हणजे ब्रश सहज फिरतो आणि हात घालावाच लागत नाही. तळाचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा. डॅमसेल परत दिला. गोबी तिसऱ्या दिवशी जेवायला बाहेर आला.

मग बघणाऱ्यांचं काय?

टँक मोकळा झाला तर पेशंटना कमी आवडेल ही माझी भीती होती. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या नॅशनल मरीन ॲक्वेरियममध्ये एका मोठ्या टँकचं नूतनीकरण चालू असताना संशोधकांनी लोकांना तीन टप्प्यांवर तपासलं: मासे नसताना, थोडे असताना आणि भरपूर असताना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मासे नसलेल्या टँककडे बघूनही लोक शांत झाले. मासे वाढले तसे लोक जास्त वेळ थांबले आणि त्यांचा मूडही जास्त सुधारला. म्हणजे डोळा रमतो तो हलत्या जिवांत. आमच्याकडे दगड कमी झाल्यावर तेच पाच मासे पहिल्यांदा नीट दिसू लागले.

मात्र टँक बघून बीपीची गोळी बंद करायची नाही. हे मला लिहावं लागतं, कारण एकांनी विचारलं होतं.

तुमच्याकडे टँक असेल तर

- हातावर जखम, चीर, खरूज असेल तर पाण्यात हात घालू नका. एरवीही लांब हातमोजे वापरा, नंतर साबणाने हात धुवा. मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं.
- बोटावरची गाठ किंवा जखम तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना ‘माझ्याकडे मासे आहेत’ हे न विचारता सांगा.
- टँकचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका.
- किनाऱ्यावरून दगड, प्रवाळ उचलून आणू नका. दगडी प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय आपल्या खडकाळ किनाऱ्यांवर वाढणाऱ्या झोअँथिड नावाच्या काही मऊ जिवांमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. असे दगड ‘स्वच्छ करायला’ उकळल्याने निघालेल्या वाफेने परदेशात कुटुंबंच्या कुटुंबं दवाखान्यात दाखल झाली आहेत. टँकमधला कुठलाही दगड कधीही उकळू नका.
- खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. हात घालण्याआधी सगळे प्लग काढा.

मांडणी ठरवताना आधी दोन प्रश्न विचारा: यातल्या प्रत्येक माशाला लपायला फट आहे का? आणि प्रत्येक कोपऱ्यापर्यंत ब्रश पोचतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर टँक भरलेला दिसतो की मोकळा याची चिंता नको.

उरलेले पंचवीस किलो दगड धुऊन, वाळवून गच्चीवर ठेवले आहेत. आजी, हवे असतील तर तुळशीच्या कट्ट्याला घेऊन जा. फक्त उचलताना हातमोजे घाला.