हँग हून रायलं, भाऊ!

जुलै हा आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातला सुगीचा महिना. पेरण्या आटोपलेल्या असतात, पीक विम्याची मुदत तोंडावर येते, कॉलेजांचे प्रवेश चालू असतात, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचे दाखले लागतात. अमरावतीच्या गाडगे नगरापासून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याच्या गोरक्षण रोडपर्यंत सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात आणि माझा फोन वाजू लागतो. ‘भाऊ, हँग हून रायलं. लोकं वरडून रायले, लवकर या बापा!’ मी पोचेपर्यंत निम्म्या जणांनी बटण दाबून मशीन बंद-चालू केलेलं असतं. म्हणजे पुरावाच गेला.

मी सगळ्यांना एक गोष्ट सांगत आलोय आणि ती फार थोड्यांना पटते. ब्राउझरने रॅम वापरणं हा बिघाड नाही. रिकामी पडलेली रॅम कोणाच्याच कामाची नसते. १६ जीबीच्या मशीनवर क्रोम ५ जीबी घेऊन बसला असेल, तर बसू द्यावा. खरी पंचाईत रॅम संपल्यावर होते. मग विंडोज सध्या न लागणारा मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. रॅममधली माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत हाती येते, फिरत्या डिस्कवरची शोधायला १० मिलिसेकंद लागतात. फरक लाखपटीचा. जिनिंगच्या आवारात जागा उरली नाही की नवी गाडी आत घेण्यासाठी आधीची बाहेर काढावी लागते आणि फाटकात दोन्ही अडकतात, तसं होतं. माऊसचा बाण हलतो, क्लिक लागत नाही, डिस्कचा दिवा विझत नाही. आमच्याकडच्या केंद्रांत अजून ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क असलेली मशीनं भरपूर आहेत. त्यांवर ३२ बिटचं विंडोज असलं, तर त्या चारातलेही तीन-सव्वातीन जीबीच हाताशी येतात.

क्रोम एवढी रॅम घेतो, ते त्याच्या बांधणीमुळे. पूर्वी ब्राउझरमधली एक खिडकी अडकली की सगळा ब्राउझर झोपायचा. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो टॅबची कामं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटून. एक कोसळली तरी बाकीच्या चालू राहाव्यात आणि टॅब बंद केला की त्याची रॅम सगळीच्या सगळी परत मिळावी, हा हेतू. हे समजावण्यासाठी गूगलने स्कॉट मॅकक्लाउड या चित्रकथाकाराकडून चक्क ३८ पानांचं कॉमिक काढून घेतलं होतं, आणि या पद्धतीत सुरुवातीला रॅम जास्त लागते, हेही त्यात लपवलेलं नव्हतं. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ नावाची खोट जगजाहीर झाली. एका साइटने दुसरीची गुपितं वाचू नयेत म्हणून त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस द्यायला सुरुवात केली. गूगलच्याच सांगण्यानुसार त्यापायी रॅमचा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढला. ज्या ब्राउझरमध्ये बँक उघडतो, त्यातच कुठलीही फुकट साइट उघडतो. त्यामुळे हा खर्च मला महाग वाटत नाही.

पण दोष शोधायचा तर मशीन चालू असतानाच शोधावा लागतो. मूर्तिजापूरकडच्या एका केंद्रात गेलो, तेव्हा तिथल्या ताईंनी नशिबाने काही बंद केलं नव्हतं. क्रोममध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. ‘मेमरी फूटप्रिंट’ या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड टॅब वर येतो. सातबाऱ्याची साइट, विम्याचं पोर्टल, व्हॉट्सॲप वेब ही मंडळी आपापल्या मर्यादेत होती. वर बसली होती फोटो लहान करून देणारी एक फुकट साइट, दीड जीबीच्याही पुढे.

‘ताई, हे कायची हो?’

‘फोटो बारीक कराची हाय ना. हरेक गिऱ्हाइकाले लागते. सकाळपासून उघडीच हाय.’

आता हिशेब पाहा. मोबाइलवरून आलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा असतो. पण पडद्यावर दाखवायचा तर तो उलगडावा लागतो. दर बिंदूला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. नीट लिहिलेली साइट काम झालं की तो सोडून देते. ही सोडत नव्हती. जावास्क्रिप्टमध्ये सफाई आपोआप होते हे खरं, पण ज्या वस्तूकडे प्रोग्राममधून अजून कुठला तरी संदर्भ जातो, तिला कचरा समजलं जात नाही. सकाळपासूनच्या गिऱ्हाइकांचे फोटो त्या टॅबमध्ये तसेच साचले होते, आणि बाजूला जाहिराती दर थोड्या वेळाने बदलत होत्या. ती ओळ निवडून ‘एंड प्रोसेस’ केलं. टॅब पडला, डिस्कचा दिवा थांबून थांबून लुकलुकू लागला आणि विम्याचा अर्ज होता तिथून पुढे सरकला. मशीन बंद केलं असतं तर तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

फायरफॉक्समध्ये हीच यादी ॲड्रेसच्या जागी ‘अबाउट’, मग कोलन, मग ‘प्रोसेसेस’ असं इंग्रजीत टाकलं की दिसते. यादीत एक्स्टेन्शनंही असतात, आणि ती कोणी टाकली हे केंद्रात कोणालाच ठाऊक नसतं. अडणारं पान क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये सुरळीत चाललं, तर पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा, कारण तिथे ती आपण परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत.

‘रॅम बूस्टर’ म्हणून जी सॉफ्टवेअरं पोरं टाकून ठेवतात, ती मी आधी काढतो. त्यांतली बरीचशी प्रोग्रामांना रॅममधून नुसती बाहेर रेटतात. आकडा खाली आलेला दिसतो आणि पुढच्याच क्लिकला सगळं परत आणावं लागतं. त्यापेक्षा क्रोमचा मेमरी सेव्हर चालू करावा. २०२२ च्या शेवटी आलेली ही सोय बऱ्याच वेळ न पाहिलेले टॅब झोपवते. अर्धवट भरलेला फॉर्म असलेल्या टॅबला ती सहसा हात लावत नाही, तरी कामाच्या पोर्टलांची नावं ‘नेहमी चालू ठेवा’च्या यादीत घालून द्यावीत. पोर्टलने वेळ संपली म्हणून बाहेर काढलं, तर तो दोष रॅमचा नव्हे. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

मे महिन्यातल्या तक्रारी निराळ्या. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याच्या खोलीतलं मशीन दुपारी रडतं आणि सकाळी धावतं. पंख्यात धूळ, आसपास जिनिंग असेल तर कापसाचे तंतूही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि समोर ब्राउझर उघडा असतो म्हणून शिव्या त्याला बसतात. पंखा साफ करून घ्या, हे सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं मी काम टाळतोय.

पैसे एकाच गोष्टीला असतील, तर फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा, असं मी सांगतो. रॅम तेवढीच राहते, पण ती संपल्यावरचं मरण सुसह्य होतं. नंतर रॅम ८ जीबी करावी. विंडोज ७ वर मात्र कितीही रॅम घाला, क्रोमची १०९ ही आवृत्ती तिथली शेवटची. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेली ११० तिथे चालत नाही.

आणि पोर्टलं बांधणाऱ्यांबद्दल थोडं. फोटो ५० केबीच्या आत आणा, असा हुकूम सोडणारं पान तो फोटो स्वतःच लहान करू शकतं. कॅनव्हास नावाची सोय ब्राउझरमध्ये कैक वर्षांपासून आहे. फोटो निवडला की त्यावर छोटा करून काढायचा, जेपीईजीत बदलायचा आणि तेवढाच सर्व्हरवर पाठवायचा. ताईंना ती फुकट साइट लागणारच नाही, शेतकऱ्याचा फोटो आणि आधार कार्ड भलत्या ठिकाणी चढणार नाही. चांगल्या प्रोग्रामरला हे एका दुपारचं काम आहे.