लुगड्यावरचा चिखल

३ जुलै
आमच्या ॲनिमेशनमधल्या भातलावणीच्या प्रसंगातली बाई आज माझ्याकडे आली. मॉडेल झालं, लुगड्याचं सिम्युलेशन झालं. आता मळवायचं काम माझं. पोटऱ्या बुडतील एवढ्या चिखलात उभी आहे आणि अंगावर दुकानातनं आत्ताच आणल्यासारखं कोरं लुगडं.

सब्स्टन्स पेंटर या टेक्श्चरच्या सॉफ्टवेअरमधला मळाचा तयार स्मार्ट मास्क लावून पाहिला. हा मास्क ॲम्बियंट ऑक्लूजनच्या नकाशावर चालतो, म्हणजे जिथे उजेड पोचत नाही तिथे मळ भरतो. लोखंडी पेटीला, इंजिनाला ते शोभतं. तिथल्या खाचा जागच्या हलत नाहीत. कापडाच्या चुण्या मात्र प्रत्येक हालचालीला बदलतात. शिवाय हा नकाशा बेक झालाय, म्हणजे मॉडेलवरून काढून साठवलाय, हात पसरून ताठ उभ्या पोझमध्ये. त्यामुळे मळ काखेत आणि काष्ट्याच्या घडीत साचला, पोटरीकडचा काठ स्वच्छच. मास्क काढून टाकला.

५ जुलै
आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मुळशीकडच्या. लहानपणापासून लावणी केलेल्या. मास्क काढल्यावर हातानं चिखल रंगवलेली बाई त्यांना स्क्रीनवर दाखवली.

“चिखल पुढनं कशाला काढलास एवढा? लावणी मागं मागं सरकत करायची असती. पाय उपसला की पोटरीवर उडतो, काष्ट्याला लागतो.”

मग स्वयंपाकघरातच वाकून दाखवलं. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं लावायचं. घाम आला तर? दोन्ही पंजे चिखलाचे, म्हणून उजवा दंड वर नेऊन बाहीनं कपाळ पुसलं. म्हणजे चोळीच्या उजव्या बाहीवर घामाचा डाग हवा, चिखलाचा नको. पाठीवर इरलं, तेव्हा पाठ बरीचशी कोरडी. ही माहिती मला कुठल्याही टेक्श्चरच्या संग्रहात मिळाली नसती.

८ जुलै
वाकलेल्या पोझमध्ये नकाशे पुन्हा बेक केले. चिखल कुठवर चढवायचा हे ठरवायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा चिखलाच्या पाण्यात टोकाशी बुडवून टांगला. मातीचे जाड कण खालीच अडकतात; पाणी मात्र धाग्याधाग्यानं वर चढत राहतं. म्हणून चिखलाच्या पट्ट्यावर निव्वळ ओलीचा दुसरा पट्टा, आणि त्याची कड सरळ नाही, विणीबरोबर दातेरी. वाळल्यावर ओल जिथे थांबली होती तिथे गडद रेघ उरली. थेंब वाळताना त्यातले कण कडेला ओढले जातात. कॉफीच्या डागाची कड गडद का, यावर शिकागोच्या संशोधकांचा १९९७ साली ‘नेचर’मध्ये लेख आला होता, तशीच ही गोष्ट.

दोन्ही पट्ट्यांना वेगळे लेयर दिले. ओलीच्या पट्ट्याचा फक्त रंग गडद केला, कारण धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी शिरलं की प्रकाश कापडात खोल जातो, कमी परततो. ताज्या चिखलाला रफनेस कमी, म्हणजे चकाकी. वाळून फिकट झालेल्या शिंतोड्यांना जास्त. नुसता तपकिरी रंग फासला तर तो छापील नक्षी वाटतो. चिखलाला थोडी जाडी हवी, म्हणून हाइट मॅपही दिला.

११ जुलै
रेंडर पाहून वरून निरोप आला: “चिखल कमी कर, बाई गबाळी दिसते.”

मला हे पटलं नाही आणि तसं स्पष्ट सांगितलं. गबाळेपणात डाग कुठेही पडतात. हिचं डावं अंग कमरेपासून वर जवळजवळ स्वच्छ आहे, कारण रोपांची मूठ ती अंगापासून लांब धरते. चिखल नेमका तिथेच आहे जिथे सफाईनं काम करणाऱ्या बाईला लागतो. तो पुसला तर तिचं कसबच पुसलं जाईल. शेजारी शेजारी दोन फ्रेम ठेवून दाखवल्या. मान्य झालं, फक्त काठावरची चकाकी किंचित उतरवली.

१२ जुलै
आता ओळीतल्या बाकीच्या बायका. एकच मास्क सगळ्यांना चिकटवणार नाही; सारखा शिंतोडा दोघींच्या पोटरीवर दिसला की नजर तिथेच अडते. नुकत्याच बांधावरून उतरलेलीला चिखल पोटरीपुरता, सकाळपासून असलेलीला जुन्या वाळक्या थरावर ताजा ओला थर. एक डावखुरी ठेवतेय. तिच्या डाव्या बाहीपासून सुरुवात.