मुंगूस आणि मे महिना

कोंबड्या पाळायचं ठरलं की माणसं आधी पिल्लं आणतात आणि मग खुराड्याचा विचार करतात. आमच्या लोहारा-उमरगा भागात हा क्रम इतका रुळलेला आहे, की पिल्लांआधी खुराड्याचं विचारायला कुणी आलं तर मला तो माणूस एकदम शहाणा वाटतो. हल्ली असे शहाणे वाढलेत. पण ते येतात हातात मोबाईल घेऊन. मोबाईलवर लाल छपराचं, पांढऱ्या खिडक्यांचं, पुढं शिडी लावलेलं लाकडी घर असतं आणि प्रश्न ठरलेला : "मावशी, हे घेऊ का?"

नको. ते घर बर्फ पडणाऱ्या मुलखातल्या कोंबडीसाठी बांधलेलं आहे. तिथं थंडी बाहेर ठेवायची असते, म्हणून फळ्या घट्ट आणि खिडक्या एवढ्याशा. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकायची, पंख अंगापासून लांब धरायचे आणि धापा टाकायच्या, एवढाच तिच्याकडं इलाज. त्या लाल छपराखाली ती मध्यरात्रीही धापाच टाकत बसेल, आणि सकाळी अंडं नाही म्हणून तुम्ही खाद्याला दोष द्याल.

खुराडं निवडताना मी दोनच शत्रू डोळ्यांसमोर ठेवते : मुंगूस आणि मे महिना. मुंगसासाठी खुराडं बंद पाहिजे, मे महिन्यासाठी उघडं. अडचण इथंच आहे, बाकी रंग-रूप, शिडी-बिडी सगळं हौसेचं. विकणारा तुम्हाला या दोन्हींपैकी एकच गोष्ट दाखवतो. मजबूत पत्र्याची पेटी दाखवली तर ती मुंगसाला पक्की असते, पण उन्हाळ्यात तिचा तवा होतो. हवेशीर जाळीचा पिंजरा दाखवला तर ती जाळी बोटानं वाकते.

जुन्या माळवदाच्या घरांनी हा गुंता बऱ्यापैकी सोडवला होता. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडी पाटण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ढाळजेच्या ओट्याच्या पोटात खुराडं असायचं. वर माणसं गप्पा मारत बसायची, खाली कोंबड्या. तोंडाला शहाबादी फरशीचा तुकडा लावून वर एक धोंडा टेकवला की झालं. मातीच्या पोटात उन्हाळा पोचायचा नाही आणि मुंगसाला भिंत उकरता यायची नाही. त्या खुराड्यांचं फार कौतुकही नको. आत हात पोचायचा नाही, घाण वर्षानुवर्षं साचायची आणि गोचीड घरभर व्हायची. पण गारवा मात्र तसा पुन्हा कुठल्या खुराड्यात मिळाला नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात ती घरं गेली. मातीत रचलेले दगड आणि वरचं ते जड माळवद, ज्यानं इतके उन्हाळे अडवले, तेच माणसांच्या अंगावर आलं. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. ज्याची जमीन जशी, तसं घर मिळालं : २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. भिंती पक्क्या, रस्ते रुंद, अंगणाला जागा. पण त्या आराखड्यात कोंबडीला ओटा नव्हता. अडीचशे फुटांच्या घरात माणसांचंच भागवायचं, तिथं ढाळज कुठून येणार? खुराडं भिंतीतून सुटून अंगणात आलं आणि ते निवडायची वेळ आमच्या भागात तिथून खऱ्या अर्थानं सुरू झाली.

पहिल्यांदा आली ती तुराट्यांची खुराडी. तुरीची रास झाली की तुराट्या फुकटच. त्या उभ्या बांधायच्या, शेणामातीनं लिंपायच्या, वर कडबा टाकायचा. आजही मला हे खुराडं गरिबाचं म्हणून टाकाऊ वाटत नाही. ते गार असतं, हवा खेळती राहते, आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे दर वर्षी ते जाळून टाकता येतं. हे जाळणं महत्त्वाचं. कोंबडीची गोचीड दिवसा तिच्या अंगावर सापडत नाही. ती फटीत, सांध्यात, सालीखाली दडून बसते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते. खुराडं रिकामं ठेवून ती उपाशी मरेल या आशेवर राहू नका, अन्नावाचून ती महिनोन् महिने तग धरते. महागड्या लाकडी घराला जितके सांधे, तितकी तिची बिळं, आणि वीस हजारांचं घर कुणी जाळत नाही. तुराट्यांचा दोष एकच : मुंगूस तळाशी सहज भोक पाडतं.

म्हणून आता विचारणाऱ्याला मी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं पाठवते. लोखंडी अँगलचा सांगाडा, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, चार पायांवर. तीन बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. षटकोनी भोकांची पातळ जाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही, आणि साप तर तिच्यातून सहज जातो. चौथी बाजू मावळतीची, ती पत्र्यानं बंद. तळाला जाळी आणि तिच्यावर बांबूच्या कामट्या, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि कोंबडीचे पाय खालून कुणाच्या तोंडी लागत नाहीत. छपराला पत्रा चालेल, पण त्यावर चुना मारायचा आणि मार्चपासून कडब्याचा जाड थर टाकायचा. मेच्या दुपारी जाळीला ओलं बारदान लावलं की कोंबड्या त्या बाजूला येऊन टेकतात.

जागा मात्र वेल्डिंगवाला देत नाही, ती तुम्हालाच शोधावी लागते. घराच्या उगवतीला ठेवा. दुपारनंतर घराची सावली आपोआप त्याच्यावर पडते आणि सकाळचं कोवळं ऊन मिळून आतली ओल सुकते. लिंबाचं झाड असेल तर त्याच्याखाली, पण फांदी छपराला टेकत असेल तर ती छाटा. बोका तिथूनच उतरतो.

मापाबद्दल जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. 'दहा कोंबड्यांसाठी' असं लिहिलेलं असेल तर पाच धरा. आपल्या कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात हिंडतात, खुराड्यात फक्त रात्र काढतात. तरी मोठ्या कोंबडीला दीड चौरस फूट तरी पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात एकमेकींच्या अंगाच्या उबेनंच त्या बेजार होतात. बसायची दांडी कोणत्या उंचीवर हे जातीवर ठरतं. गावरान तलंग चार फुटांवरही उडून बसेल. गिरिराज किंवा वनराज अंगानं भारी. त्यांना दांडी फूटभर उंचीवरच द्या, वरून उड्या मारून पाय सुजतात. सगळ्या दांड्या एकाच उंचीला असाव्यात, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडणं. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांत एक अंधारा कोपरा पुरतो, त्यात भुसकट घाला. पिल्लांची कोंबडी मात्र वेगळीच ठेवायची. तिला अजूनही बुरुडाकडचं डालं बरं. दिवसा अंगणात पिल्लांवर डालं टाकलं की घारीची काळजी नाही.

दाराबद्दल मला जरा जास्तच बोलायचं असतं आणि ऐकणाऱ्याला तिथंच कंटाळा येतो. दार एवढं मोठं हवं, की तुमचा हात शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला पाहिजे. मानमोडीची लस टोचायची तर संध्याकाळी, कोंबड्या बसल्यावर, एकेक अलगद उचलावी लागते. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, म्हणून ती तेव्हा शांत असते. हात पोचला नाही तर लस राहते, आणि मानमोडी एकदा शिरली की खुराडं कितीही भारी असलं तरी सकाळी रिकामं. कडी खटक्याची घ्या. नुसता आकडा अडकवलेलं दार कुत्रं नाकानं उचलतं. रोज रात्री ती कडी लावणार कोण, हेही आधी ठरवा. आमच्याकडं ते काम घरातल्या बाईवर येतं आणि अंड्यांचा पैसाही तिच्याच हातात असतो. तेव्हा खुराड्याची उंची तिच्या कमरेच्या मापानं ठरवा, दुकानदाराच्या नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर वेल्डिंगवाल्याला वेळ नसतो, लग्नसराईआधी जो तो दारं-खिडक्यांची घाई करतो. म्हणून खुराड्याची ऑर्डर दिवाळीनंतर लगेच द्या. ते घरी आलं की दोन-चार रात्री रिकामंच अंगणात ठेवा, पहाटे त्याच्याभोवती उकरल्याच्या खुणा बघा, जाळी हातानं ओढून बघा. मग पिल्लं आणा.